मांडवीच्या रंगाचे दफ्तर

चोडणहून रायबंदरला जाणारी सकाळची फेरीबोट हा गेली बावीस वर्षे माझ्या नोकरीचाच एक भाग आहे. बसायला जागा असली तरी मी कठड्याला टेकून उभा राहतो आणि मांडवीचे पाणी पाहतो. मे महिन्यात ते हिरवट असते, जुन्या काचेच्या बाटलीसारखे. जूनमध्ये पावसाचा पहिला जोर झाला की आठ दिवसांत दुधाच्या चहासारखे होते. श्रावण-भाद्रपदात मध्येच चार दिवस ऊन पडले, तर त्या चहात कधी कधी एक वेगळाच पोपटी-पिवळा पट्टा उमटतो, दोन-तीन दिवस राहतो आणि नाहीसा होतो. दिवाळीनंतर पाणी पुन्हा निवळत जाते. नदीचे हे वेळापत्रक रोज ये-जा करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. ते कुठे लिहून ठेवले जाते का, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

मी कला शाखेचा पदवीधर, विषय इतिहास. विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला. कारकून म्हणून माझी पहिली काही वर्षे आवक-जावक विभागात गेली. आलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा, तारीख लिहायची, तो कोणाकडे गेला ते रजिस्टरात चढवायचे. ज्याची नोंद नाही तो कागद आलाच नाही, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकलो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते शास्त्रज्ञाचे लिखाण नव्हे. नदीच्या रंगाची नोंदवही कोणी, केव्हा आणि कशी ठेवली, याचा एका कारकुनाने लावलेला हा माग आहे.

निमित्त झाले एका अर्जाचे. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. एके सकाळी पाच-सहा बायका कचेरीत आल्या. खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या आणि बाजारात विकणाऱ्या. अर्ज मराठीत होता, गावातल्या कोणा मास्तरने सुवाच्य अक्षरात लिहून दिलेला. चतुर्थीच्या आदल्या चार दिवसांत नदीचे पाणी हिरवट-तांबूस झाले, त्याला वास येत होता, आणि त्यानंतर चिखलात हात घातला तर तिसऱ्या तोंड उघडून मेलेल्या सापडल्या, असा मजकूर. मी अर्जावर शिक्का मारता मारता नक्की तारीख विचारली. त्यांतली वयाने मोठी बाई म्हणाली, "तारीख कोणाक खबर, बाब? चवथीच्या आदीं चार दीस. उदकाचो रंग बदल्लो."

अर्ज वर गेला. तिथून दुसऱ्या खात्याकडे, तिथून 'या बाबतीत पूर्वीच्या नोंदी उपलब्ध आहेत काय' असा शेरा घेऊन परत. नोंदी नव्हत्या. फाइल कपाटात गेली, आणि काही वर्षांनी मुदत संपलेले कागद नष्ट करायची यादी निघाली तेव्हा त्या फाइलीचा क्रमांक मीच टंकलिखित केला. त्यात कोणाची चूक होती असे मला वाटत नाही. नियमाने जे व्हायचे तेच झाले. पण ती यादी टाइप करताना हात जरा अडखळला, हेही खरे.

तिसऱ्या मरायला दोन कारणे सहज संभवतात. पावसाचे गोडे पाणी नेहमीपेक्षा जास्त दिवस खाडीत टिकून राहिले तर खाऱ्या-मचूळ पाण्याला सरावलेला जीव मरतो. दुसरे कारण वनस्पतिप्लवक. डोळ्यांना एकेकटी न दिसणारी, पाण्याबरोबर वाहणारी ही सूक्ष्म वनस्पती. तिच्यात झाडाच्या पानातलेच हरितद्रव्य असते, म्हणजे क्लोरोफिल. ऊन आणि खत दोन्ही मिळाले की ती दोन-चार दिवसांत अफाट वाढते, पाण्याचा रंग पालटतो. मग मरून कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. पहिल्या कारणाने पाणी मातकट राहते, दुसऱ्याने हिरवे, तांबूस किंवा पिवळे होते. म्हणजे त्या बायकांनी सांगितलेला रंग हाच खरा पुरावा होता. फक्त तो कोणी टिपलेला नव्हता.

एरवी हे प्लवक म्हणजे काही शत्रू नव्हे. झिंगे, तिसऱ्या, कालवे, शेवटे यांच्या ताटाची सुरुवात तिथूनच होते. पृथ्वीवर सूर्यप्रकाशातून जे अन्न तयार होते त्यातले जवळजवळ अर्धे समुद्रातल्या या प्लवकांचे, असा हिशेब १९९८ साली मांडला गेला, आणि तो हिशेब मांडायला उपग्रहाने टिपलेले समुद्राचे रंगच वापरले होते. तिथवर आपण येऊच.

पाण्याचा रंग मोजावा हा विचार जुना आहे. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते लिहून ठेवले. पुढे फोरेल या स्विस अभ्यासकाने निळ्यापासून पिवळट-हिरव्यापर्यंत रंगांच्या काचनळ्यांची एक पट्टी केली. पाण्याशेजारी धरायची आणि जुळेल तो क्रमांक वहीत लिहायचा. आपल्याकडे या गोष्टीत सर्वांत मोठे नाव सी. व्ही. रामन यांचे. समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे तोवर मोठमोठे लोक मानत. १९२१ साली इंग्लंडहून परतताना रामन यांनी बोटीवरून एका स्फटिकाच्या साहाय्याने प्रतिबिंबाचा प्रकाश अडवून पाहिले, तरी समुद्र निळाच राहिला. निळा रंग पाण्याचा स्वतःचा, हे त्यांनी दाखवले. म्हणजे पाणी जिथे निळे नाही, तिथे त्यात आणखी काही तरी आहे. आमच्या मांडवीत तर बरेच काही आहे.

हे 'काही तरी' मोजायची पहिली रीत बाटलीची. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे दोनापावलाला तिचे घर झाले. पणजीच्या लोकांच्या तोंडी ती 'एनआयओ'. जुवारीच्या तोंडाशीच संस्था, त्यामुळे मांडवी आणि जुवारी या जोडनद्या, कुंभारजुव्याच्या कालव्याने एकमेकींना बांधलेल्या, अभ्यासाला उंबरठ्यावरच मिळाल्या. पी. व्ही. देहाद्राय आणि आर. एम. एस. भार्गव यांचा या दोन नद्यांतल्या ऋतुमानानुसार होणाऱ्या सेंद्रिय उत्पादनावरचा निबंध १९७२ सालचा आहे. १९८८ साली व्ही. पी. देवसी आणि जोआकिम गोईश यांनी याच नद्यांत प्लवकाच्या कोणत्या जाती कोणत्या ऋतूत एकीमागून एक येतात याचा आढावा प्रसिद्ध केला. यातले गोईश पुन्हा भेटतील.

बाटलीची रीत कष्टाची. होडीने ठरल्या जागी जायचे, पाणी भरायचे, ते बारीक गाळण-कागदातून गाळायचे. कागदावर राहिलेला हिरवट डाग ॲसिटोनमध्ये बुडवून अंधारात, थंड जागी ठेवायचा. हरितद्रव्य उतरले की त्यातून किती प्रकाश आरपार जातो ते यंत्राने मोजायचे. एक आकडा मिळायला चोवीस तास लागू शकतात, पण तो आकडा पक्का. अडचण इतकीच की होडी महिन्यातून एखाद्या वेळी जाते आणि नदी रोज बदलते. चतुर्थीच्या आधीचे चार दिवस दोन फेऱ्यांच्या मध्ये पडले, तर वहीच्या दृष्टीने ते घडलेच नाहीत.

आता आकाशातली गोष्ट. १९७० साली अमेरिकेतल्या क्लार्क, यूइंग आणि लॉरेन्झन या तिघांनी विमानातून समुद्रावरून परत येणारा प्रकाश मोजला आणि दाखवले की पाण्यात हरितद्रव्य जसे वाढते तसा परतणाऱ्या प्रकाशातला निळा घटतो. कारण साधे आहे. हरितद्रव्य निळा प्रकाश खाते, हिरवा फारसा खात नाही. निळा आणि हिरवा यांचे प्रमाण काढले की प्लवक किती त्याचा अंदाज येतो. मग हेच काम आणखी उंचावरून का करू नये? २४ ऑक्टोबर १९७८ रोजी निम्बस-७ हा उपग्रह गेला आणि त्यावर समुद्राचा रंग पाहणारे पहिले यंत्र होते. माझा जन्मही त्याच वर्षीचा, त्यामुळे या यंत्राबद्दल मला उगीचच आपुलकी आहे. त्या काळात गोव्यात रापणकार आणि ट्रॉलरवाले यांचा झगडा पेटला होता. समुद्रातली मासळी कोणाची यावर रस्त्यावर भांडण चालले असताना त्या मासळीचा चारा मोजणारा डोळा वर फिरू लागला होता, आणि खाली कोणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

ते यंत्र एक वर्षभर प्रयोग म्हणून चालायचे होते. चालले जवळजवळ आठ वर्षे. मात्र उपग्रहावरची वीज इतर यंत्रांशी वाटून घ्यावी लागे, म्हणून ते सतत सुरू नसे. जून १९८६ मध्ये ते थांबले. पुढच्याच महिन्यात, ५ जुलैला, पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. दोन्हींचा काही संबंध नाही, पण आठ वर्षांच्या मुलाच्या स्मरणातली ती मोठी घटना असल्याने मला हे साल विसरता येत नाही.

नंतर दहा वर्षे वही कोरी. मस्टरवर सलग रजा दिसावी तशी. आणि ही दहा वर्षे गोव्याच्या दृष्टीने साधीसुधी नव्हती. १९८७ साली घटकराज्य झाले, शहरे वाढली, कोकण रेल्वेचे पूल दोन्ही नद्यांवर उभे राहू लागले, खनिजाचे बार्ज ये-जा करत होतेच. त्या काळात मांडवीचे हिरवेपण वाढले की घटले, हे आकाशातून पाहणारे कोणी नव्हते. मार्च १९९६ मध्ये आपल्या आयआरएस-पी३ उपग्रहावर एक जर्मन यंत्र गेले, ऑगस्टमध्ये जपानचे गेले आणि दहा महिन्यांत बंद पडले. १ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेचे 'सी-विफ्स' गेले, तिथून पुढे मात्र आजपर्यंत नोंद तुटलेली नाही.

भारताचा स्वतःचा डोळा म्हणजे ओशनसॅट-१. २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२ ने तो सोडला. कारगिलच्या बातम्यांनी पेपर भरलेले असायचे ते दिवस, त्यामुळे ही बातमी त्या मानाने कोपऱ्यात राहिली असणार. त्यावरच्या 'ओसीएम' या यंत्राला आठ रंगपट्टे होते आणि दर दोन दिवसांनी ते त्याच जागेवर येई. आमच्या दृष्टीने खरी मोठी गोष्ट त्याच्या चौकटीच्या आकाराची. उपग्रहाचे चित्र म्हणजे चौकोनांची शाळकरी वही असते. एका चौकोनाला एकच रंग. निम्बसचा चौकोन ८२५ मीटरचा होता, सी-विफ्सचा १.१ किलोमीटरचा. रायबंदर ते चोडण मांडवीचे पात्र एक किलोमीटरही नाही. म्हणजे त्या वहीत आमची नदी, फेरीधक्का, खारफुटी आणि खाजनाचा बांध हे सगळे एकाच चौकोनात घोटून एक रंग. जगाच्या प्लवकाचा हिशेब मांडणाऱ्या त्या यंत्रांना मांडवी दिसतच नव्हती. ओसीएमचा चौकोन ३६० मीटरचा. जुवारीच्या रुंद तोंडात त्याचे बरेच चौकोन बसतात, मांडवीत आग्वादपासून पणजीपर्यंत काही बसतात. चोडणला अजूनही काठ मिसळायचाच.

चौकोन लहान झाला तरी दुसरी अडचण उरते. १९७७ साली मोरेल आणि प्रियर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्राच्या पाण्याचे दोन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात रंग बदलणारी वस्तू मुख्यतः प्लवकच. भर समुद्र या वर्गातला. दुसऱ्या वर्गात प्लवकाबरोबर गाळ असतो आणि कुजलेल्या पानांतून, खारफुटीतून पाझरणारे एक पिवळसर विरघळलेले द्रव्य असते. नदीची मुखे या वर्गातली. ते पिवळे द्रव्यही निळा प्रकाश खाते, अगदी हरितद्रव्यासारखे. त्यामुळे निळ्या-हिरव्याचे साधे प्रमाण काढणारे सूत्र फसते आणि जिथे पानांचा अर्क आहे तिथेही प्लवक असल्याचे सांगते. त्यातच उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास हवेचा असतो, पाण्याचा जेमतेम दहा. हवेचा भाग वजा करताना जुनी रीत असे गृहीत धरी की डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाणी काळेभोर असते, तेव्हा तिथे जे दिसेल ते हवेचे. गढूळ पाण्यात हे गृहीतकच कोसळते, कारण गाळ तिथेही उजळतो. ताळेबंदात एक रक्कम चुकीची धरली की खालची सगळी बेरीज चुकते, तसे.

म्हणून नदीमुखासाठी वेगळी गणिते करावी लागली. गोवा विद्यापीठातल्या सागरविज्ञानाच्या अभ्यासकांनी ओसीएमची चित्रे आणि होडीतून घेतलेली मोजमापे जोडून मांडवी-जुवारीच्या रंगातले प्लवक, गाळ आणि पिवळे द्रव्य वेगळे करण्याचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. त्यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. अभ्यास पावसाळा सोडून उरलेल्या काळाचा होता.

तो तसाच असणार. ढगातून या यंत्रांना दिसत नाही. आणि इथेच आमच्या नदीची गोची आहे. गोव्याचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि नदीत जे मोठे बदल व्हायचे ते त्याच चार महिन्यांत होतात. घाटावरून खतपाणी येते. उन्हाळ्यात तळापासून वरपर्यंत ढवळलेली खाडी आता थरांची होते, वर गोडे पाणी आणि मुखाशी खाली खारे. स्केलेटोनेमा नावाचा, साखळीने वाढणारा एक डायटम पावसाळ्यात इथे जोर धरतो. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही, म्हणून प्लवक दबून असते, आणि पावसाने उघडीप दिली की खत तयार, ऊन तयार, दोन-चार दिवसांत उसळी. मी फेरीवरून पाहतो तो पोपटी पट्टा बहुधा याच जातकुळीचा. आठ महिने आकाश स्वच्छ असते तेव्हा नदी त्या मानाने संथ. चार महिने ती क्षणाक्षणाला बदलते तेव्हा वर पडदा.

आणखी एक बारकावा आहे, तो मला कचेरीमुळे चटकन कळला. ओशनसॅट नेहमी दुपारी बाराच्या सुमारास येई. तपासनीस ठरल्या वेळीच येत असेल तर त्याला कचेरीचे एकच रूप दिसते. नदीचे तसे नाही, कारण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. आज बाराला भरती असेल तर दोन दिवसांनी बाराला ती अजून चढती असणार, आठवड्याभराने ओहोटी. भरतीला समुद्राचे निवळ पाणी आत, ओहोटीला वरचे हिरवे-गढूळ पाणी बाहेर. तेव्हा दोन चित्रांतला फरक पाहून 'प्लवक वाढले' म्हणण्याआधी भरतीचे कोष्टक उघडावे लागते. ते न उघडता काढलेला निष्कर्ष हा नुसता चंद्राचा हिशेब होईल.

वही अपुरी असली की काय होते याचे उदाहरण आपल्याच समुद्राचे आहे. मघाशी ज्यांचे नाव आले ते जोआकिम गोईश, एकेकाळी मांडवीच्या बाटल्यांतले डायटम मोजणारे, पुढे अमेरिकेत गेले. २००५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सी-विफ्सच्या १९९७ ते २००४ या सात वर्षांच्या नोंदींवरून दाखवले की पश्चिम अरबी समुद्रात उन्हाळी मोसमातले प्लवक तिपटीहून अधिक वाढले आहे. मोठी खळबळ झाली. पुढे नोंदी लांबल्या तशी ती चढण तशीच राहिलेली दिसेना, आणि भारतातल्या इतर अभ्यासकांनी तिच्यावर प्रश्न उभे केले. २०१६ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी तर पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचे मांडले. यात कोणी खोटे बोलले असे नव्हे. सात पानांच्या वहीतून जे दिसले ते एकाने सांगितले, जास्त पानांतून दिसले ते दुसऱ्याने. पण भर समुद्राची, पहिल्या वर्गाच्या स्वच्छ पाण्याची ही कथा असेल, तर आमच्या खाडीबद्दल पाच-सात चित्रे पाहून ठाम बोलणाऱ्यापासून दोन हात दूरच राहावे असे मला वाटते.

एक संधी मात्र हातची गेली की काय, अशी रुखरुख वाटते. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. रोज फेरीपुढून जाणारे बार्ज एकाएकी दिसेनासे झाले. आमची फेरी बार्ज जाऊ दे म्हणून मध्येच थांबायची, ते थांबणे संपले. बार्जच्या पंख्यांनी तळाचा गाळ ढवळणे थांबले, तर पाणी निवळून प्लवकाला जास्त ऊन मिळाले का? असा प्रयोग शास्त्रज्ञाने मागूनही कोणी करू दिला नसता. आणि युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरचे, ३०० मीटरचे चौकोन टिपणारे आणि गढूळ पाण्यात प्लवक ओळखायला लागणारे तांबड्या प्रकाशाचे नेमके पट्टे असलेले यंत्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे पाच महिने आधी, गप्प झाले. त्याची जागा घेणारे सेंटिनेल-३ आले फेब्रुवारी २०१६ मध्ये. सुदैवाने आपला २००९ साली गेलेला ओशनसॅट-२ वर होता, त्यामुळे वही अगदीच कोरी नाही.

आज परिस्थिती पुष्कळ बरी आहे. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ चा चौकोन दहा मीटरचा, त्यात फेरीबोटही ठिपक्यासारखी दिसते. हे यंत्र मुळात जमिनीसाठीचे, पण नद्यांचे अभ्यासक ते वापरतात. २६ नोव्हेंबर २०२२ ला गेलेल्या आपल्या ईओएस-०६ वरच्या ओसीएमला तेरा रंगपट्टे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला 'पेस' तर शेकडो पट्टे पाहतो. हरितद्रव्य किती याबरोबर कोणत्या जातीचे प्लवक, याचाही अंदाज त्यातून घेतात. ढग मात्र तेच आहेत.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने मला जुनी उपग्रहचित्रे तारीखवार पाहायची सोय संगणकावर दाखवली. सन २००० पासूनची चित्रे, कोणालाही खुली. मी पहिल्यांदा काय शोधले असेल ते वाचकांनी ओळखले असेल. फाइल नष्ट झाली तरी साल माझ्या लक्षात होते. जुने कालनिर्णय कपाटात होते, त्यात त्या वर्षीची चतुर्थी पाहिली आणि आदले चार दिवस काढले. त्या बाईने तारीख सांगितली नव्हती असे मला इतकी वर्षे वाटत होते. तिने ती अगदी नेमकी सांगितली होती. त्या वर्षी समुद्राचा रंग पाहणारी पाच यंत्रे वर फिरत होती: सी-विफ्स, टेरा, ॲक्वा, एन्व्हिसॅट आणि आपला ओशनसॅट. मला पाहता आली ती टेरा आणि ॲक्वाची चित्रे. पहिल्या दिवशी गोवा पूर्ण पांढरा. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी आग्वादच्या बाहेर ढगाला एक भोक, त्यातून समुद्र दिसत होता, किनाऱ्यालगत फिकट तपकिरी, पुढे हिरवट. नदी ढगाखाली. चौथा दिवस पुन्हा पांढरा.

बराच वेळ तो तिसरा दिवस मोठा करून पाहत बसलो. भाचा कंटाळून उठून गेला.

मध्यंतरी वाचनात आले की केरळातल्या वेंबनाड तलावात, तोही समुद्राला जोडलेलाच, गावातले लोक हातात मावतील अशा छोट्या सेक्की तबकड्या पाण्यात सोडून खोली आणि रंग टिपतात आणि मोबाइलवरून पाठवतात. त्यावर फोरेलच्या रंगपट्टीचे क्रमांकही छापलेले असतात. २०२१ साली त्यावर शास्त्रीय निबंधही आला. १८६५ ची तबकडी आणि एकोणिसाव्या शतकातली रंगपट्टी, दोन्ही ढगाखाली चालतात.

मग मी घरातले एक लहान स्टीलचे ताट घेतले, त्याला पांढरा रंग दिला, मध्ये भोक पाडून खाली वजन बांधले आणि दोरीवर वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. गेल्या मे महिन्यापासून सकाळी चोडणच्या धक्क्यावर फेरी यायच्या आधी ते सोडतो. पहिल्या दिवशी फेरीवरच्या माणसाने विचारले, "कितें मास्तर, नुस्तें धरता?" आता तो विचारत नाही, उलट उशीर झाला तर ताट कुठे म्हणतो. वहीत पाच रकाने आहेत: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, ताट किती वितींवर दिसेनासे झाले, आणि रंग. मेच्या शेवटच्या आठवड्यात ताट सहा वितींपर्यंत दिसत होते. जुलैच्या मध्याला एका वितीच्या आत गेले. ऑगस्टमध्ये उघडीप पडली तेव्हा तीन दिवस ते दीड वितीवर होते आणि रंगाच्या रकान्यात मी 'पोपटी' लिहिले आहे.